आधी चष्मा, मग पट्टी
ऐरोलीच्या ताई, तुमच्या मुलाचा डावा डोळा आळशी आहे (म्हणजे त्या डोळ्याची नजर नीट तयार झालेली नाही). चष्म्याचा नंबर उजवा +१.५, डावा +४.५ असताना 'चष्म्यातून धूसर दिसतं' ही त्याची तक्रार सुरुवातीला अपेक्षितच आहे. प्लस नंबरची मुलं डोळ्याच्या स्नायूंवर ताण देऊन बघतात. तो सैल पडायला काही आठवडे जातात. दुकानात परस्पर नंबर कमी करून घेऊ नका. मात्र नंबर डोळ्याचे स्नायू सैल करणारे थेंब घालूनच काढलाय ना, हे नक्की विचारा.

चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत हवा. आपल्याकडच्या घामात फ्रेम नाकावरून घसरते, मूल वरून बघतं आणि सगळं वाया जातं. मागे इलॅस्टिकचा पट्टा लावा. नुसत्या चष्म्यानेच नजर १६-१८ आठवडे सुधारत राहू शकते. सुधारणा थांबली तर डॉक्टर चांगल्या डोळ्यावर पट्टी देतील, मध्यम आळशी डोळ्याला साधारण रोज २ तास. कातडीला चिकटणारीच घ्या. चष्म्यावरच्या कापडी पट्टीच्या कडेने मुलं हमखास डोकावतात.