आईचं नाव मतदार यादीत सापडत नाही (बेळगाव), तातडीने मदत हवी

वैतागलेला_विनू
७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान आहे आणि आईचं नाव यादीत नाही. निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर नाव टाकून बघितलं, काही येत नाही. कार्डाचा नंबर टाकला तर नोंद नाही म्हणतं. मग यादीची पीडीएफच उतरवली आणि रात्री बसून चाळली, त्यातही पत्ता नाही. आईने आजवर एकही निवडणूक चुकवलेली नाही, गेल्या वर्षी विधानसभेलाही मत देऊन आली. मग वर्षभरात नाव जातं कुठे? मराठी माणसांची नावं गाळतात असं तिकडे सगळेच म्हणतात, आता मलाही तसंच वाटायला लागलंय. मी पुण्यात, ती तिकडे, लगेच रजा मिळणार नाही. कोणता फॉर्म भरायचा आणि कुणाला गाठायचं एवढंच सांगा. राजकारण नको.

सुलभा_ठाणे
घाबरू नका. सरळ फॉर्म ६ भरून टाका ऑनलाइन, आधार आणि फोटो जोडा. माझ्या नणंदेचं असंच झालं होतं, महिन्याभरात नाव आलं.

सीमावासी
राजकारण नको म्हणे! नाव गाळणं हेच राजकारण आहे साहेब. बेळगाव तिकडे घातलं त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून हेच चाललंय. पाट्या कानडी, सातबारा कानडी, बसचे बोर्ड कानडी, आता यादीतनं माणूसच गायब. फॉर्म भरत बसू नका, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या कार्यालयात जा.

मास्तर_निवृत्त
सुलभाताई, थांबा जरा. फॉर्म ६ हा नवीन मतदारासाठी. नाव दुसरीकडे कुठे असेल आणि वर हा भरला तर दुबार नोंदणी होते. त्या फॉर्मवर सही करताना आपण 'माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही' असं लिहून देतो. खोटं निघालं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. कुणी लगेच तुरुंगात टाकत नाही हे खरं, पण म्हाताऱ्या बाईच्या नावाने असलं कशाला करायचं?

विनूराव, विधानसभा मतदारसंघ कोणता? गाव कोणतं?

वैतागलेला_विनू
शीर्षकात बेळगाव लिहिलंय की. शहरातली नाही, खेड्यातली आहे, म्हणून बेळगाव ग्रामीणची यादी घेतली.

नागपुरी_संत्रा
भाऊ, टेन्शन कायले घेता. आधार घेऊन बूथवर जायचं, कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागायचं, द्यावंच लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं, शोधून टाकतो.

मास्तर_निवृत्त
टाकू नका. तो मेसेज २०१९ पासून फिरतोय आणि खोटा आहे. यादीत नाव नसेल तर आधार काय, पासपोर्ट दाखवला तरी मत देता येत नाही. आधार हे ओळख पटवायच्या कागदपत्रांतलं फक्त एक. तुम्ही ऐकलं असेल ते ४९ पी, प्रदत्त मत. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर ते मिळतं, आणि ते यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर.

कोकणकन्या_दुबई
आईचं वय काय? ८० च्या वर असतील तर आता घरी येऊन मत घेतात!

सुलभा_ठाणे
८० नाही, मार्चपासून ८५ केलंय. फॉर्म १२ डी लागतो, तोही अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत.

वैतागलेला_विनू
आई ७१ वर्षांची आहे आणि दोन किलोमीटर चालत भाजी आणते. घरी मत घ्यायचा प्रश्न कुठून आला? नाव कसं शोधायचं ते सांगा.

मास्तर_निवृत्त
शोधून देतो, पण गाव सांगितल्याशिवाय कसं? आणि मतदान कार्ड कधीचं आहे? नंबर इथे टाकू नका, फक्त कसा दिसतो ते सांगा.

वैतागलेला_विनू
गाव गर्लगुंजी. कार्ड जुनं, काळा-पांढरा फोटो. नंबर लांबलचक, केटी, मग तिरकी रेघ, आकडे, परत तिरकी रेघ. तो तसाच्या तसा टाकला होता.

कॅम्पातला_बाळू
अरे देवा. गर्लगुंजी खानापूर तालुक्यात की रे! बेळगाव ग्रामीणच्या यादीत जन्मभर शोधलास तरी सापडायचं नाही.

मास्तर_निवृत्त
बाळूने सांगितलंच. जिल्हा बेळगाव, पण विधानसभा खानापूर. आणि लोकसभा बेळगाव नाहीच, उत्तर कन्नड आहे. खानापूर आणि कित्तूर हे बेळगाव जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ तिकडे कारवार, भटकळ, शिरसीबरोबर जोडलेले आहेत. तुमच्या मातोश्री बेळगावच्या खासदाराला मत देतच नाहीत.

आता कार्ड. केटीवाले नंबर सुरुवातीच्या काळातले. नंतर आयोगाने तीन अक्षरं आणि सात आकडे असा दहा खुणांचा नंबर आणला. जुना नंबर टाकला की पोर्टल हात वर करतं. नवा नंबर यादीत आईच्या नावाच्या चौकटीतच छापलेला असतो. खानापूरची यादी उघडा, त्यात गर्लगुंजीचे भाग बघा, शाळेच्या नावाने केंद्र दिलेलं असेल. नाव वाचत बसू नका, घर क्रमांक आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बघत जा, ते लवकर डोळ्यात भरतं. भाषा निवडायची सोय दिसली आणि मराठी मिळाली तर तीच घ्या. आणि मतदार हेल्पलाइनच्या १९५० या नंबरला फोन कराल तर पुण्यातून नुसता लावू नका, इकडच्या माणसाकडे जाईल. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ आधी लावा.

सीमावासी
बघा, खानापूर कारवारला कसं जोडलंय ते बघा! मराठी मतं फोडायची म्हणूनच ना हे? बेळगाव, खानापूर, निपाणी एका लोकसभेत असते तर समितीचा खासदार केव्हाच दिल्लीत गेला असता.

कॅम्पातला_बाळू
गेला असता म्हणे. १९९६ ला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते, मतपत्रिका कसली, वही झाली होती. देशभर बातमी झाली, पुढे झालं काय? सरकारने अनामत रक्कम ५०० वरून १०,००० वर नेली, आता २५,००० आहे. २०१९ ला परत तेच, ५७ उमेदवार, प्रत्येक केंद्रावर चार-चार यंत्रं. आमची आजी बटण शोधत उभी, मागची रांग ओरडतेय. सीमाप्रश्न तिथल्या तिथे.

सीमावासी
आणि २०२१ विसरलास? बेळगाव लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समितीच्या शुभम शेळकेला लाखाच्या वर मतं पडली. भाजप जिंकलं साडेपाच हजारांच्या आतल्या फरकाने. तेव्हा दोन्ही राष्ट्रीय पक्षांना घाम फुटला होता.

कॅम्पातला_बाळू
आणि दोन वर्षांनी विधानसभेला समितीचे आमदार किती? शून्य. २०१८ लाही शून्य. लोकसभेला राग काढायचा आणि विधानसभेला आपापसात उमेदवार उभे करायचे. समितीवर प्रेम आहे म्हणूनच बोलतोय.

जतकर
मध्ये तोंड घालतो. मी जत तालुक्यातला, घरात कन्नड, शाळा मराठी. आमच्याकडं उमेदवार पूर्व भागात आला की कन्नडमधनं बोलतो, सांगलीत गेला की मराठीत. कोणी त्याला गद्दार म्हणत नाही. २०२२ ला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी आमच्या ४० गावांवर हक्क सांगितला तेव्हा पत्रकार गावात माईक घेऊन फिरले. लोक म्हणाले, आधी पाणी कोण देणार ते सांगा. लोकसभेला आम्ही पाण्यावरच मत देतो.

सीमावासी
तुमच्याकडं कन्नड बोलला म्हणून लाठी खाल्ली का कधी? आमच्या लोकांनी खाल्ली. तुलना करू नका.

जतकर
लाठीची तुलना केलीच नाही. भाषेवर मत मागायला उमेदवार येतो तो कुठल्याही राज्यात सारखाच बोलतो एवढंच म्हटलं.

कोकणकन्या_दुबई
गोव्याने १९६७ ला जनमत घेऊन विषय मिटवला की नाही? तसंच घ्या तिकडेही.

कॅम्पातला_बाळू
मिटवला? पणजीत 'मराठी का कोंकणी' एवढं म्हणून बघा. तिथे महाराष्ट्रात विलीनीकरण हवं की नको विचारलं होतं, इथे खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

आणि खानापूरच्या लोकांपुढे या खेपेला मजा आहे. काँग्रेसने उत्तर कन्नडला अंजली निंबाळकरांना उभं केलंय, खानापूरच्या माजी आमदार, मराठी बोलणाऱ्या. भाजपचे कागेरी शिरसीकडचे. म्हणजे मराठी मत समितीला, मराठी बोलणाऱ्या काँग्रेसवाल्या बाईंना, का मोदींना? एकाच घरात तीन मतं पडणार बघा.

वैतागलेला_विनू
तुमचं चालू द्या. नाव सापडलं. खानापूरच्या यादीत, गर्लगुंजीच्या दुसऱ्या भागात. नवा नंबर आहे, फोटोही तिचाच. पण आडनावात एक अक्षर भलतंच छापलंय आणि वय चार वर्षांनी कमी. जुने नंबर चालत नाहीत एवढं एक वाक्य पोर्टलवर लिहून ठेवायला काय झालं होतं? आता दुरुस्ती करू का? केंद्रावर अडवतील?

मास्तर_निवृत्त
अडवत नाहीत. ओळख पटत असेल तर नाव-वयातली अशी बारीक चूक सोडून द्यायची असं आयोगाचं स्पष्ट सांगणं असतं. मी केंद्राध्यक्ष असताना निम्म्या बायकांचं वय यादीत चुकलेलं असायचं. दुरुस्ती फॉर्म ८ ने, पण आता घाई नको. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख १९ एप्रिल आहे, त्याच्या तोंडावर दिलेले अर्ज या निवडणुकीत बसतीलच असं नाही. मतदान झाल्यावर भरा. तूर्त जुनं कार्ड आणि आधार दोन्ही बरोबर द्या, आणि भाग क्रमांक, अनुक्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. केंद्राबाहेर चिठ्ठी शोधत उन्हात उभं राहायला नको.

नागपुरी_संत्रा
म्हणजे चॅलेंज व्होट नाहीच का?

सुलभा_ठाणे
नाही!!

सीमावासी
विनू, नाव सापडलं छान झालं. पण मराठी यादी उघडली का कानडी, ते सांगितलं नाहीस.

वैतागलेला_विनू
मराठी. होती तिथेच, खाली भाषेच्या यादीत. आता नवीनच. आई फोनवर विचारतेय की उमेदवार बेळगावचा नाही तर मग बेळगावचे दिवंगत खासदार सुरेश अंगडींच्या जागेवर कोण उभं आहे, आणि तिला त्यालाच मत द्यायचं होतं. मास्तर, हे तुम्हीच समजावता का?