मदत हवी आहे: .22 रायफलसाठी कमी पॉवरचा स्कोप, रेटिकल (नेम धरायच्या रेषा-खुणा) कोणतं घेऊ?

मंडळी, नमस्कार. .22 बोल्ट अ‍ॅक्शनवर स्कोप बसवायचाय. नेमबाजी सगळी कागदी टार्गेटवर, 25 ते 100 मीटर, कधी उभ्याने तर कधी बेंचवरून. रेड डॉट (उजळ लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साईट) लावून पाहिला, पण डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असल्याने ठिपका शेपूट फुटल्यासारखा पसरतो. काचेवर कोरलेलं रेटिकल मात्र स्वच्छ दिसतं.

दोन पर्याय उरलेत. एक 1-6x24 (1 ते 6 पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग 24 मिलिमीटर), सेकंड फोकल प्लेन (पॉवर बदलली तरी खुणा तेवढ्याच दिसतात), बीडीसी रेटिकलचा (गोळी किती खाली येईल त्याच्या तयार खुणा). दुसरा 1-8x24, फर्स्ट फोकल प्लेन (खुणा पॉवरबरोबर लहान-मोठ्या होतात), मिलच्या खुणांचा (मिल हे कोनाचं माप, 100 मीटरवर 10 सेंटिमीटर).

पहिल्यात खुणा फक्त 6 वर खऱ्या. 3 वर आणलं की 2 मिलची खूण 4 मिलची होते. घाईत हे कोण लक्षात ठेवणार? त्यात ते बीडीसी 5.56 च्या, म्हणजे .22 पेक्षा खूप वेगवान गोळीसाठी आखलेलं. माझी .22 50 मीटरला झीरो केली (नेम आणि गोळी तिथे जुळवली) तर 100 ला साधारण 15 ते 20 सेंटिमीटर खाली जाते. त्या खुणांचा मला उपयोग काय?

दुसऱ्यात खुणा प्रत्येक पॉवरला खऱ्या, पण 1 वर सगळं आक्रसून मधोमध करडा डाग उरतो, रेटिकलचा दिवा लावल्याशिवाय धड दिसत नाही. शिवाय 8 वर एक्झिट प्युपिल (डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी) 24 भागिले 8, म्हणजे 3 मिलिमीटर. 6 वर 4 मिळतात. हा एक मिलिमीटर जाणवतो का?

प्रतिसाद:

जाणवतो, पण उभ्याने 8 कशाला वापरताय? 4 वर आणा, 6 मिलिमीटर मिळतील.

माझं मत विचाराल तर दोन्ही सोडा. 1-6 सेकंड फोकल प्लेनच घ्या, फक्त बीडीसीऐवजी साध्या मिल खुणांचा आणि उघडे टरेट (नेम सरकवायच्या फिरत्या चकत्या) असलेला. तुमची अंतरं ठरलेली, टार्गेट काही पळत नाही. 0.1 मिलचा एक क्लिक 100 मीटरवर 1 सेंटिमीटर. गोळी 17 सेंटिमीटर खाली लागली तर 17 क्लिक, विषय संपला. खुणा वापरायची वेळ आलीच तर ती बेंचवर, आणि तिथे तुम्ही 6 वरच असणार.

तुम्ही विचारलं नाहीत ते पॅरलॅक्सचं, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसण्याचं. असे बरेचसे स्कोप 100 यार्डांवर पक्के केलेले असतात, त्यामुळे 25 मीटरवर गाल जरा सरकला की क्रॉसही टार्गेटवर सरकतो. रिकामी रायफल पिशव्यांवर घट्ट टेकवा, हात न लावता नुसतं डोकं हलवून बघा. क्रॉस काळ्या वर्तुळाबाहेर जात असेल तर 1 चा हट्ट सोडा आणि 50 यार्डांवर पॅरलॅक्स बसवलेला रिमफायरचा (.22 सारख्या काडतुसांसाठीचा) 2-7x32 बघा.