टेंडरच्या नोटिशीतला ‘सूटेबल’

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीच्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगची टेंडर नोटीस इंग्रजीत काढायची आहे, आर्किटेक्टना तशीच हवी. चार ओळी टाकतो, जाणकारांनी नजर टाकावी.
१) ओन्ली सूटेबल कॉन्ट्रॅक्टर्स विथ फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स मे अप्लाय.
२) मटेरियल शुड बी कॉम्पॅटिबल टू द एक्झिस्टिंग ब्रिकबॅट कोबा.
३) यू मे इन्स्पेक्ट द टेरेस व्हेन यू आर कन्व्हिनियंट.
४) वर्क शुड स्टार्ट ॲट ॲप्रोप्रिएट टाइम.

बी-३०२ सर: साहेब, चारही शब्दांना आपण मराठीत ‘योग्य’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत प्रत्येकाचं माप वेगळं. पहिल्या ओळीत पाच वर्षांची अट आहे. अट पुरी झाली की नाही ते कागद बघून ठरतं, तिथे ‘एलिजिबल’, म्हणजे पात्र. ‘सूटेबल’ म्हणजे आपल्या कामाला हा माणूस जमेल का, हे बघणाऱ्याचं मत. एलिजिबल दहाजण निघतील, सूटेबल त्यातला एखादाच.

ए-१०४ वकीलसाहेब: सरांशी सहमत. राज्यघटनेचं कलम ५८ बघा. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी भारताचा नागरिक, ३५ वर्षं पूर्ण आणि लोकसभेवर निवडून यायला लागणारी पात्रता, या अटी सांगताना शब्द ‘एलिजिबल’ वापरलाय. तिथे ‘सूटेबल’ असतं तर दर निवडणुकीला कोर्टात रांग लागली असती.

बी-३०२ सर: आता दुसरी ओळ. ‘कॉम्पॅटिबल’ला ‘टू’ नाही, ‘विथ’ लागतो. दोन वस्तू एकमेकींशी जमतात का, एवढंच हा शब्द विचारतो. नवीन कोटिंग जुन्या कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराला, धरलं नाही, पापुद्रे सुटले, तर ते ‘इनकॉम्पॅटिबल विथ’. शब्द तुम्ही बरोबर निवडलाय, शेपूट फक्त चुकलं.
तिसरी ओळ मात्र पार बदला. इंग्रजीत माणूस ‘कन्व्हिनियंट’ नसतो. वेळ, जागा, वार असतो. ‘मी रविवारी सोयीचा आहे’ असं आपण तरी म्हणतो का? ‘ॲट अ टाइम कन्व्हिनियंट फॉर यू’ लिहा.

सी-२०१ वहिनी: सर, मधेच विचारते. पोरीची दहावी आहे. प्रश्नपत्रिकेत ‘मोस्ट ॲप्रोप्रिएट’ पर्याय निवडा असं येतं. ‘करेक्ट’ का लिहीत नाहीत?

बी-३०२ सर: कारण दोन पर्याय व्याकरणात बसू शकतात, त्यातला त्या संदर्भाला अधिक शोभणारा हवा असतो. ‘ॲप्रोप्रिएट’मध्ये प्रसंग आणि औचित्य येतं. उत्तराआधी तिला रिकाम्या जागेच्या पुढचा शब्द बघायला सांगा. ‘विथ’ दिसला की बहुतेक ‘कॉम्पॅटिबल’. ‘ऑफ’ असेल तर ‘वर्दी’, म्हणजे लायक. ‘टू’ आणि पुढे क्रियापद असेल तर ‘एलिजिबल’ किंवा ‘फिट’, जसं ‘एलिजिबल टू व्होट’. ‘फॉर’ आला की पंचाईत. तो सूटेबल, फिट, एलिजिबल, ॲप्रोप्रिएट सगळ्यांना चालतो, तिथे अर्थच बघावा लागतो.
आणि ‘ॲप्ट’ जपून. ‘ॲन ॲप्ट रिमार्क’ म्हणजे समर्पक शेरा. पण ‘ही इज ॲप्ट टू फर्गेट’ म्हणजे त्याला विसरायची खोड आहे. तो विसरायला लायक आहे असा अर्थ नाही.

सी-२०१ वहिनी: विरुद्धार्थी लिहिताना ती ‘अन’ आणि ‘इन’मध्ये गोंधळते.

बी-३०२ सर: सूटेबल, फिट, वर्दी यांना ‘अन’. ॲप्रोप्रिएट, एलिजिबल, कन्व्हिनियंट, कॉम्पॅटिबल यांना ‘इन’. प्रॉपरला ‘इम’, कारण पुढे ‘पी’ आहे. ‘इनएलिजिबल’ म्हणजे अपात्र आणि ‘इलेजिबल’ म्हणजे न वाचता येणारं अक्षर; हे दोन हमखास उलटसुलट होतात.

बी-४०१: सर, मोबाईलवर ‘सूटेबल’ टाकलं तर ‘उपयुक्त’ येतंय बगा. ते चालंल का?

बी-३०२ सर: नाही चालणार. ते हिंदी आहे. हिंदीत ‘उपयुक्त’ म्हणजे योग्य, आपल्यात ‘उपयुक्त’ म्हणजे उपयोगी, ‘यूसफुल’. मराठीत ‘सूटेबल’ला जागेप्रमाणे शब्द घ्या: लग्नाचं स्थळ असेल तर अनुरूप, हवामान असेल तर अनुकूल, उमेदवार असेल तर सुयोग्य, पेहराव असेल तर साजेसा.

डी-५०३ काकू: कपड्यांचं मी सांगते, दुकानात रोज ऐकते. ‘धिस कलर सूट्स टू यू’ म्हणतात सगळे. ‘टू’ काढा, ‘सूट्स यू’ एवढंच. आणि फिट, सूट, मॅच वेगळे. कोल्हापुरी चपलेचं घ्या. ८ नंबर पायात बसला, ती ‘फिट्स’. पायात उठून दिसली, ‘सूट्स’. साडीच्या काठाशी रंग जमला, ‘मॅचेस’. लग्नात घातली तर ‘ॲप्रोप्रिएट’. पावसात मात्र अजिबात ‘सूटेबल’ नाही. कातडं पाणी पितं, फुगतं, आकार जातो.

बी-४०१: काकू, नाद खुळा 👌

बी-३०२ सर: काकूंनी वर्गच घेतला. एक भर घालतो: ‘सूट’ला शेवटी ‘ई’ लावलात तर उच्चार ‘स्वीट’ आणि अर्थ हॉटेलातला खोल्यांचा संच. फ्लॅटच्या जाहिरातीत ही चूक फार.

ए-१०४ वकीलसाहेब: चौथी ओळ राहिली. कायद्यात ‘ॲप्रोप्रिएट’ भरपूर येतो, मराठीत त्याला ‘समुचित’ म्हणतात. कलम ३२ मध्ये ‘ॲप्रोप्रिएट प्रोसीडिंग्ज’ आहे. पण तिथे अर्थ लावायला सुप्रीम कोर्ट बसलंय. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टर जुलैत येऊन ‘हाच ॲप्रोप्रिएट टाइम’ म्हणाला तर काय करणार? सरळ तारीख घाला, मे संपायच्या आत काम पुरं होईल अशी. आणि निवडीचा अधिकार राखायचा असेल तर ‘ॲज द कमिटी मे डीम फिट’, म्हणजे कमिटीला योग्य वाटेल तसं. ठरवणारा कोण, ते त्यात येतं.

सेक्रेटरी: घ्या सुधारून:
१) ओन्ली कॉन्ट्रॅक्टर्स विथ ॲट लीस्ट फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स आर एलिजिबल टू अप्लाय.
२) मटेरियल मस्ट बी कॉम्पॅटिबल विथ द एक्झिस्टिंग ब्रिकबॅट कोबा.
३) यू मे इन्स्पेक्ट द टेरेस ॲट अ टाइम कन्व्हिनियंट फॉर यू, बिट्वीन १० ए.एम. अँड ५ पी.एम.
४) वर्क मस्ट स्टार्ट बाय १० एप्रिल अँड एंड बाय २० मे. द कमिटी मे ॲक्सेप्ट ऑर रिजेक्ट एनी ऑफर ॲज इट डीम्स फिट.

बी-३०२ सर: उत्तम. ‘ॲज इट डीम्स फिट’ही चालतं.

डी-५०३ काकू: पाच वर्षं अनुभव कशाचा? वॉटरप्रूफिंगचा असं लिहा, नाहीतर रंगकामवाले पण येतील.

सेक्रेटरी: घातलं. संध्याकाळी आर्किटेक्टना पाठवतो.