नारकोंडमचा धनेश बघायला जाता येईल का?

सत्तरीकर:
मी वाळपईचा, हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो. घरामागच्या वडाला फळं धरली की कवड्या धनेश उतरतात. त्यांच्या पंखांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. गोव्यातल्या चारही जातींचे धनेश पाहून झाले. आता अंदमानच्या नारकोंडम बेटावरचा बघायचाय. नाताळच्या सुट्टीत आठ दिवस मिळतील. बोट कुठून सुटते? परवान्याचं काय?

रानवाट:
सर, तिथे प्रवासी बोट जातच नाही. अख्खं बेट अभयारण्य आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय पाय ठेवता येत नाही. मीही तीन वर्षांपूर्वी हाच हट्ट धरला होता. जमलं नाही, खूप वाईट वाटलं.

पण नंतर त्या बेटाबद्दल वाचत गेलो. सात चौरस किलोमीटरहून लहान जागा, मधोमध ज्वालामुखीचा सातशे मीटरहून उंच डोंगर, माणसं म्हणजे पोलिसांची एक चौकी. हा धनेश जगात तेवढ्याच रानात आहे, हजाराच्या आसपास. चौकीवर पूर्वी बकऱ्या पाळल्या होत्या. त्या रानात शिरून कोवळी रोपं खाऊ लागल्या. आज रोपच उरलं नाही तर पुढे ढोलीचं झाड कुठून येणार? मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फळं भरवतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं! बकऱ्या शेवटी तिथून हलवाव्या लागल्या. आपल्या बुटाला चिकटून एखादं बी किंवा मुंगी गेली तर ती कोण हलवणार? म्हणून मी आता तो हट्ट सोडलाय.

तुम्ही चिडिया टापूला जा. पोर्ट ब्लेअरहून तासाभरात पोचता. अंदमानी काळा सुतार, सर्पगरुड, अंधार पडल्यावर घुबडं. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे पहाटे लवकर निघा.

दिवचलची_बाय:
सर, एक आधीच सांगते. अंदमान-निकोबारात नारकोंडम सोडून कुठेच धनेश नाही. त्या आशेने जाऊ नका. बाकी पक्षी मात्र असे, की आपल्या म्हादईच्या रानात जन्मभर फिरलात तरी दिसायचे नाहीत.

सत्तरीकर:
बकऱ्यांचं ठाऊक नव्हतं. नारकोंडम राहू दे. तांबूस मानेचा नर आणि सगळी काळी मादी मुलांना फळ्यावरच काढून दाखवीन. दादा, ती घुबडं ऐकायला चिडिया टापूलाच मुक्काम करता येतो का, की रात्री पोर्ट ब्लेअरला परतावं लागतं?