गोव्याच्या पावसात उंट टिकेल का?

मांद्रेकर:
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला दोन उंट आणायचं म्हणतोय. माडांत मांगर (गोठा) रिकामा आहे, घरात गाई होत्या, त्यामुळे जनावरांची सवय आहे. पण चार महिने पाऊस कोसळतो तेव्हा उंटाचं काय करायचं? राजस्थानकडचे लोक त्याला कसं सांभाळतात, कुणी जवळून पाहिलंय का? आई म्हणते, मुक्या जीवाचे हाल नकोत.

गुरांचा डॉक्टर, फोंडा (निवृत्त):
मांद्रेकरबाब, आईचं ऐका. नोकरीत असताना मी राजस्थानात पाली जिल्ह्यात रायका उंटपाळांबरोबर बारा दिवस फिरलोय. दावणीला बांधून उंट पाळायचा नसतो, हे तिथे पहिल्याच दिवशी कळलं. खेजडीचा एक घास, पुढे बोरीचा, मग बाभळीचा, असं खुडत तो चालतच राहतो. एकच झाड ओरबाडून संपवत नाही. पिकं निघाली की कळप शेतांत उतरतो, रात्री तिथेच बसतो आणि लेंड्यांच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. दूध काढताना चारांतले दोन सड पिल्लाला सोडतात. मला दूध दिलं ते रुईच्या पानाच्या द्रोणात, किंचित खारट. मादी साधारण तेरा महिने गाभण असते, दोन वर्षांत एक वेत. म्हणून एकेक पिल्लू जिवापाड जपतात.

आता आपल्याकडचं. जैसलमेरला वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस होत नाही, आपल्याकडे 3,000च्या आसपास. उंटाचा पाय वाळूसाठी गादीसारखा आहे. चिखलात तो घसरतो, पाय फाकतात आणि बसलेला उंट उठत नाही. ओल्या हवेत खरूज धरते. रायका केस कातरून तारामिऱ्याचं तेल चोळतात, पण ते कोरड्या हवेत. सगळ्यात वाईट म्हणजे सर्रा हा रोग. पावसात गोमाश्या चावून तो पसरतो, जनावर झिजत झिजत मरतं. रायका त्याला ‘तिबरसा’ म्हणतात, तीन वर्षं छळणारा.

आणखी एक, जे विकणारा सांगणार नाही. नर उंट हिवाळ्यात मस्तीला येतो. तोंडातून गुलाबी पिशवी बाहेर काढून गुळगुळतो, खाणं टाकतो आणि चावतो. तो चावा मी टाके घालताना पाहिलाय, हाडापर्यंत गेलेला. डिसेंबर-जानेवारी, म्हणजे नेमका तुमचा हंगाम, आणि पाठीवर लहान मुलं. एवढ्यावरूनच मी नाही म्हणेन.

वाळपईची, सध्या भुजला:
डॉक्टरकाका, सगळं पटलं. आम्ही सत्तरीतले गवळी-धनगर. आजोबा प्रत्येक म्हशीला नावाने हाक मारायचे. इथे उंटवाले तसंच करताना पाहून डोळे भरून आले. कुणी खारफुटीचा मुद्दा काढेल म्हणून सांगते. कच्छचा खाराई उंट खाडी पोहून बेटांवरची खारफुटी खातो, 2015 मध्ये त्याला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. पण पावसाळ्यात तो बेटावर राहतो ते साचलेलं गोडं पाणी मिळतं म्हणून, आणि इथला पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी कमी. गोव्यात मांडवी नदीकाठी हे जमणार नाही.

आणि मांद्रेकरदादा, राजस्थानातून आणणार असाल तर 2015च्या कायद्याने परवानगीशिवाय उंट राज्याबाहेर नेता येत नाही. उंट वाचावा म्हणून कायदा केला, पण नराला गिऱ्हाईक राहिलं नाही आणि पाळणारेच खचले. देशात 2012 मध्ये चार लाख उंट होते, 2019च्या गणनेत अडीच लाख उरले. ज्यांना खरंच उंटाचा लळा आहे त्यांनी तिकडचं उंटिणीचं दूध विकत घ्यावं, ते पैसे रायकांच्या हातात पडतात.

मांद्रेकर:
देव बरें करूं. काल रात्री हे सगळं भावाला वाचून दाखवलं. मस्तीला आलेल्या नराचं ऐकून तो गप्प बसला, मग म्हणाला, ‘फक्त मादी आणली तर?’ पावसाचं आणि गोमाश्यांचं परत वाचायला लावलं. आगाऊ दिलेले पाच हजार परत मागतोय. काका, मांगरात आता दोन म्हशी घ्याव्या असं आईच्या मनात आहे. मुऱ्हा आपल्या हवेला सोसेल का?