‘रेझिस्टन्स’ला मराठीत काय म्हणावं?

उंबरठा :
एका ग्रामीण आरोग्य केंद्रासाठी अँटिबायोटिकवरचं पत्रक मराठीत लिहिते आहे. मजकुरात जागोजागी ‘रेझिस्टन्स’ येतं, म्हणजे जिवाणूंवर औषध न चालणं. सरकारी कागदांत ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ दिसतं, वर्तमानपत्रांत कधी ‘प्रतिकार’. मी ‘प्रतिकार’ लिहून आशाताईंना वाचायला दिलं, तर एकीने विचारलं, “म्हणजे या गोळीने ताकद वाढते का?” विचारणारच. ‘रोगप्रतिकारशक्ती’ कोविडपासून सगळ्यांच्या तोंडी आहे आणि ती वाढलेली बरी, हेही सगळ्यांना माहीत आहे. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ :
‘प्रतिरोध’च ठेवा, निदान त्याला आधीचा चांगला अर्थ चिकटलेला नाही. अडचण समासाची आहे. ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ म्हणजे प्रतिजैविकाने केलेला की प्रतिजैविकाला केलेला? पहिला अर्थ घेतला तर औषधच कुणाला तरी अडवतंय असं होतं. शिवाय ‘प्रतिजन’, ‘प्रतिपिंड’, ‘प्रतिद्रव्य’, ‘प्रतिजैविक’ ही सगळी एकाच घरातली भावंडं वाटतात, दहावीच्या मुलांनाही त्यांत गोंधळ होतो.

‘प्रतिजैविक’ हा तर ‘अँटि’ आणि ‘बायोटिक’ यांचे तुकडे बदलून केलेला शब्द. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाक्समनने १९४० च्या दशकात ‘अँटिबायोटिक’ रूढ केला तेव्हा त्याचा अर्थ नेमका होता : एका सूक्ष्मजीवाने तयार केलेलं आणि दुसऱ्याची वाढ रोखणारं किंवा त्याला मारणारं द्रव्य. त्या व्याख्येत सल्फा औषधं किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन बसत नाहीत, कारण ती माणसाने रसायनं जुळवून केलेली आहेत. आता डॉक्टरही हा भेद पाळत नाहीत, तेव्हा पत्रकात त्यात शिरू नका.

पिंपरीकर :
वाक्समनची व्याख्या आमच्या गावाला चपखल बसते. १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स म्हणजे आमची एचए कंपनी. तिथले शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांनी हमायसिन हे औषध शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नावच ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’! औषध मात्र बुरशीवरचं, जिवाणूंवरचं नाही. अख्ख्या कॉलनीत ‘प्रतिजैविक’ असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. ‘पेनिसिलिनची कंपनी’ म्हटलं की रिक्षावाला नेऊन सोडायचा.

उंबरठाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घरातच आहे की. ‘खोकला औषधाला दाद देईना.’ आणखी काय हवंय?

सूक्ष्मदर्शी :
पिंपरीकरांना माझं मत. मी प्रयोगशाळेत काम करतो. ‘रेझिस्टन्स’बद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज आहे : “माझ्या शरीराला त्या गोळीची सवय झालीय.” सवय शरीराला होत नाही. औषध चालेनासं होतं ते जिवाणूंमुळे. म्हणूनच आयुष्यात ती गोळी न घेतलेल्या माणसालाही दुसऱ्याकडून असा जिवाणू लागू शकतो. ‘जिवाणू औषधाला दाद देत नाहीत’ या वाक्यात कर्ता योग्य जागी बसतो. ‘प्रतिरोध निर्माण झाला’ म्हटलं की कुणात निर्माण झाला ते गुलदस्त्यात राहतं, आणि ऐकणारा ते स्वतःवर ओढून घेतो.

हा शब्दप्रयोग नवाही नाही. ‘औषधांना दाद न देणारा क्षयरोग’ वर्तमानपत्रांत कितीतरी वर्षं छापून येतोय. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन मुख्य औषधं निकामी ठरली की त्याला ‘एमडीआर’ (मल्टी-ड्रग रेझिस्टंट) म्हणतात.

शब्दवेल्हाळ :
पटलं, पण हे वाक्य झालं. मथळ्यात संज्ञा लागते. ‘निर्ढावलेले जिवाणू’ कसं वाटतं? ‘निगरगट्ट’ही चालेल. ‘दाद’ मूळची फारसी, अर्थ न्याय. म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. मैफलीत देतो ती दाद वेगळ्या छटेची. पत्रकात ही मैफलीतली दाद डोकावेल अशी भीती वाटते.

पिंपरीकर :
जंतू ‘वाहवा’ म्हणत नाहीत असं कुणी वाचणार नाही, निश्चिंत राहा. हिंदीत मात्र दाद म्हणजे गजकर्ण (संस्कृत दद्रू). सध्या स्टिरॉइड मिसळलेली मलमं फासफासून त्या बुरशीचाही असा प्रकार माजलाय की टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला जुमानत नाही. म्हणजे दादही दाद देईना!

सूक्ष्मदर्शी :
😄 ‘जुमानत नाही’ हेही चांगलं आहे. ‘निर्ढावलेले’ला मात्र माझा विरोध. निर्ढावतो तो एकच माणूस, मार खाऊन खाऊन. इथे तसं होत नाही. लाखो जिवाणूंत एखादा आधीच जनुकातल्या बदलामुळे वेगळा असतो. औषधाने बाकीचे मरतात, तो उरतो आणि पुढची सगळी प्रजा त्याची. शिवाय जिवाणू प्लाझ्मिड नावाची डीएनएची कडी एकमेकांना देतात, तीही जात ओलांडून. मार न खाल्लेल्यालाही अशी आयती ढाल मिळते.

उंबरठा :
अशा जंतूंना ‘सुपरबग’ म्हणतात, त्याचं काय? आणि ‘सर्व औषधांना दाद न देणारा’ असं कधी लिहावं का?

सूक्ष्मदर्शी :
‘सुपरबग’ टाळा, त्यात माहिती काहीच नाही. ‘सर्व’वरून तर मुंबईतच वाद झाला. हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडियांनी चार क्षयरुग्णांबद्दल ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ असा शब्द वापरला. २०१२ च्या सुरुवातीला त्यावरून गदारोळ उठला. सरकारला तो शब्द मान्य नव्हता आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची पक्की व्याख्या नसल्याचं म्हटलं. रुग्ण खरे होते, वाद ‘टोटली’चा होता. त्याआधी २०१० मध्ये ‘न्यू दिल्ली’चं नाव एका विकराला दिलं म्हणून असाच आरडाओरडा झाला होता. हा विकर, एनडीएम-१, कार्बापेनेम गटातली औषधं फोडून टाकतो. वाद कशावर? नावावर! तुम्ही ‘बहुतेक औषधांना’ लिहा.

शब्दवेल्हाळ :
‘विकर’ लिहिल्याबद्दल आभार, हल्ली सगळे ‘एन्झाइम’ लिहितात. मथळ्याला ‘औषधांना न जुमानणारे जंतू’ घ्या, आत ‘दाद देत नाहीत’. ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ कंसात एकदाच, म्हणजे सरकारी कागदाशी जुळेल.

उंबरठा :
घेतलं. कल्चर रिपोर्टमधल्या ‘सेन्सिटिव्ह’चंही सांगा. एका बाईंनी तो शब्द वाचून गोळी घेतलीच नाही. त्यांना वाटलं, आपल्याला ती सोसत नाही.

सूक्ष्मदर्शी :
हा घोळ आमच्याकडेही होतो. तिथे ‘सेन्सिटिव्ह’ रुग्ण नाही, जिवाणू. बशीत जिवाणू पसरतात, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसं मोठं स्वच्छ वर्तुळ उमटलं, म्हणजे तिथे जिवाणू वाढले नाहीत. रिपोर्टमधल्या ‘एस’ला (सेन्सिटिव्ह) लिहा ‘जिवाणू या औषधाला दाद देतो’, ‘आर’ला (रेझिस्टंट) ‘दाद देत नाही’. राहिला ‘आय’ (इंटरमिजिएट). त्याला ‘मध्यम’ लिहू नका, लोक ‘निम्मं बरं वाटेल’ असं समजतात. युरोपातल्या नव्या व्याख्येनुसार त्याचा अर्थ ‘मात्रा वाढवल्यास दाद देतो’. पुढे ‘किती वाढवायची ते डॉक्टर ठरवतील’ एवढं जोडा, नाहीतर लोक घरीच दोन-दोन गोळ्या घेतील.