उत्तर: वर्षाची डायबेटिस तपासणी
वर्षाची तपासणी म्हणजे नुसती साखर बघणं का, असं विचारलंत म्हणून सांगते. इथे इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, डॉक्टर बहुतेक भेटतच नाहीत, सगळं नर्सच बघते. त्याआधी रक्त आणि सकाळची लघवी देऊन यायची. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, किडनी त्यात आलं. एचबीएवनसीचा आकडा ५३ दिसला तर दचकू नका, इथलं मोजमाप वेगळं, आपल्याकडचे ते ७ टक्के.

मग वजन, बीपी आणि पाय. मोजे काढून डोळे मिटायचे, नर्स नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवते, जाणवलं की ‘हो’ म्हणायचं. मागच्या वर्षी घाईत माझे पाय राहिलेच होते, मीच आठवण केली. डोळ्यांच्या तपासणीचं बोलावणं वेगळं येतं. थेंब घातल्यावर गाडी चालवता येत नाही, कुणाला तरी सोबत न्या.